यूएसबी मापन-उपकरणे प्रोग्रॅमने कशी चालवावीत : केबल जोडण्यापासून रात्रभराच्या नोंदींपर्यंत

एखाद्या घटकाचे तापमान हळूहळू वाढवत दर मिनिटाला त्याचा रोध नोंदवायचा असेल, तर पहिली वीसेक मापने माणूस हौसेने घेतो. पुढे आकडा वाचताना डोळा चुकतो, वहीत लिहिताना दशांशचिन्ह सरकते आणि मध्यरात्रीनंतरच्या नोंदींवर तर स्वतःचाच विश्वास उरत नाही. मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय किंवा सिग्नल जनरेटर यांच्या मागच्या बाजूला यूएसबीचे सॉकेट असेल, तर हे काम संगणकाकडे सोपवता येते. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम बहुधा वीस-पंचवीस ओळींचाच असतो. नवशिक्याचा वेळ जातो तो प्रोग्रॅम लिहिण्यात नव्हे, तर उपकरण उत्तर का देत नाही हे शोधण्यात.

हा शोध सोपा व्हावा म्हणून आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला प्रोग्रॅम आणि उपकरण यांच्यामध्ये चार थर असतात : केबल आणि सॉकेट, ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर, त्यावरची ‘व्हिसा’ नावाची, प्रोग्रॅमचे बोलणे उपकरणापर्यंत पोहोचवणारी लायब्ररी, आणि उपकरणाला समजणारी आज्ञांची भाषा. खालचा थर बोलता झाल्याखेरीज वरच्या थराला हात लावू नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्म्याहून अधिक अडचणी जागच्या जागी सापडतात. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. एक खुलासा : लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या उपकरणाच्या प्रोग्रॅमिंग पुस्तिकेत छापल्याप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात.

थोडी पूर्वपीठिका

उपकरणे दुरून चालवण्याची कल्पना यूएसबीहून बरीच जुनी आहे. ह्यूलेट-पॅकार्डने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या उपकरणांसाठी एचपी-आयबी ही समांतर जोडणी विकसित केली आणि १९७५मध्ये ती आयईईई-४८८ या मानकाच्या रूपाने सर्वांसाठी खुली झाली. तारा कशा जोडाव्यात हे त्यात ठरले, पण त्या तारांवरून काय बोलावे हे ठरले नव्हते. ती उणीव १९८७च्या ४८८.२ या भागाने आणि १९९०मध्ये आलेल्या ‘स्किपी’ या आज्ञाभाषेने भरून काढली. यूएसबीवर हेच संभाषण कसे वाहून न्यायचे, याचे ‘यूएसबीटीएमसी’ हे विनिर्देश २००३मध्ये आले. म्हणूनच नव्या उपकरणाच्या पुस्तिकेतही ४८८ हा आकडा भेटतो. केबल बदलली, बोलण्याची रीत मात्र तीच राहिली.

पायरी १ : आपले यूएसबी कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखणे

बऱ्याच उपकरणांवर यूएसबीची दोन सॉकेट असतात. पुढच्या बाजूचे चपटे सॉकेट पेन ड्राइव्हसाठी असते आणि त्याचा नियंत्रणाशी संबंध नसतो. आपल्याला हवे ते बहुधा मागच्या बाजूला असते. ते बी प्रकारचे, जवळजवळ चौकोनी सॉकेट होय. काही उपकरणांच्या मेनूमध्ये हे सॉकेट ‘प्रिंटर’साठी वापरायचे की ‘संगणका’साठी, असा पर्याय असतो. तो चुकीचा असेल तर संगणकाच्या बाजूने कितीही प्रयत्न केले तरी काहीच दिसत नाही, म्हणून मेनू आधी पाहावा.

सॉकेट सारखे दिसले तरी आतली व्यवस्था दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात उपकरण खरोखर यूएसबीटीएमसी वर्गाचे असते : त्यात प्रत्येक संदेशाला बारा बाइटचे शीर्षक असते, संदेशाला क्रमांक मिळतो आणि तो कुठे संपला हे त्या शीर्षकातल्या एका बिटवरून कळते. दुसऱ्या प्रकारात आत जुना सिरियल पोर्टच असतो आणि एक छोटी चिप त्याला यूएसबीचे रूप देते. असे उपकरण संगणकाला कॉम पोर्ट म्हणून दिसते. स्वस्त पॉवर सप्लाय आणि हातातले मीटर यांत ही दुसरी तऱ्हा फार आढळते. या उपकरणांच्या बाबतीत बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, दोन्हीकडे जुळवावा लागतो आणि संदेशाचा शेवट आपल्याला चिन्हाने दाखवावा लागतो. पहिल्या प्रकारात यांपैकी काहीच करावे लागत नाही. पुस्तिकेत ‘यूएसबीटीएमसी’ हा शब्द आहे की ‘व्हर्च्युअल कॉम’, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

केबलविषयी दोनच गोष्टी. लहान सॉकेटच्या काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यांतून डेटा जात नाही. आणि यूएसबी २.०ची केबल पाच मीटरपेक्षा लांब असू नये.

पायरी २ : ड्रायव्हर आणि व्हिसा

विंडोजमध्ये यूएसबीटीएमसीचा ड्रायव्हर मुळात नसतो. तो व्हिसा बसवताना सोबत येतो. त्यामुळे आधी व्हिसा बसवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच केबल जोडावी. व्हिसा हे एका उत्पादनाचे नाव नसून मानक आहे. आयव्हीआय फाउंडेशन ते सांभाळते, आणि नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स, कीसाइट, रोडे अँड श्वार्ट्झ, टेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्या आपापली आवृत्ती देतात. एका कंपनीच्या व्हिसाने दुसऱ्या कंपनीचे उपकरण चालते, कारण मानकाचा हेतूच तो आहे. दोन आवृत्त्या एकाच संगणकावर नांदू शकतात, पण त्यांतली मुख्य कोणती हा नवा प्रश्न उभा राहतो. नवख्याने एकच बसवावी. सगळे नीट झाले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरण ‘यूएसबी टेस्ट अँड मेझरमेंट डिव्हाइस’ या नावाने दिसते.

इथे एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः अडकलो होतो. यूएसबीच्या सर्वसाधारण लायब्ररीतून उपकरणाशी बोलता यावे म्हणून त्याचा ड्रायव्हर बदलून देणारी साधने मिळतात. एका प्रयोगासाठी मी तसा बदल केला आणि महिन्याभराने तेच उपकरण व्हिसाला दिसेना, तेव्हा अर्धा दिवस केबलींवर संशय घेण्यात घालवला. विंडोजमध्ये अशा जोडणीला एका वेळी एकच ड्रायव्हर लागतो. तो दुसऱ्याने पटकावला असेल तर व्हिसा आंधळे होते. डिव्हाइस मॅनेजरमधून मूळ ड्रायव्हर परत निवडला की सगळे पूर्ववत होते.

लिनक्समध्ये चित्र वेगळे आहे. यूएसबीटीएमसीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २.६.२८ या आवृत्तीपासून अंगभूत आहे आणि उपकरण जोडताच डेव्ह या डिरेक्टरीत यूएसबीटीएमसी-शून्य अशी फाइल तयार होते. अडचण परवानगीची असते : ती फाइल उघडण्याचा अधिकार बहुधा फक्त रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला असतो. प्रत्येक वेळी रूट म्हणून प्रोग्रॅम चालवणे ही वाईट सवय आहे. त्याऐवजी उपकरणाचे निर्माता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक देऊन यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांच्या फाइलींची परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) एक ओळीचा नियम लिहावा आणि केबल काढून पुन्हा लावावी. कॉम पोर्टसारख्या उपकरणांसाठी वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घातले की बहुतेक वितरणांत काम भागते.

पायरी ३ : पत्ता शोधणे आणि पहिला प्रश्न विचारणे

व्हिसा प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देते. यूएसबीटीएमसी उपकरणाच्या पत्त्यात अनुक्रमे यूएसबी हा शब्द, निर्माता-क्रमांक, उत्पादन-क्रमांक, उपकरणाचा अनुक्रमांक आणि शेवटी ‘इन्स्ट्र’ हा शब्द येतो. मध्ये दोन-दोन विसर्गचिन्हे, म्हणजे कीबोर्डवरची कोलनची चिन्हे, असतात. पत्त्यात अनुक्रमांक असल्याचा फायदा असा, की एकाच मॉडेलचे दोन मल्टिमीटर जोडले तरी कोण कोणता हे केबल कुठल्या सॉकेटमध्ये आहे यावर अवलंबून राहत नाही. कॉम पोर्टच्या उपकरणांना हे सुख नाही. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली की त्यांचा क्रमांक बदलू शकतो.

पत्ता मिळाला म्हणून लगेच प्रोग्रॅम लिहायला बसू नये. व्हिसासोबत येणाऱ्या संवाद-खिडकीतून आधी एक प्रश्न विचारावा : तारकाचिन्ह, त्यापुढे आय-डी-एन ही तीन अक्षरे आणि शेवटी प्रश्नचिन्ह. ही ‘ओळख सांग’ अशी विनंती आहे आणि ४८८.२ पाळणाऱ्या प्रत्येक उपकरणाला तिचे उत्तर द्यावेच लागते. उत्तरात स्वल्पविरामांनी वेगळे केलेले चार भाग असतात : निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची, म्हणजे उपकरणातल्या अंगभूत प्रोग्रॅमची, आवृत्ती. हे उत्तर आले म्हणजे केबल, ड्रायव्हर आणि व्हिसा हे तिन्ही थर निर्दोष ठरले. यापुढे काही बिघडले तर दोष आपल्या आज्ञांत किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. उत्तर आले नाही, तर प्रोग्रॅम लिहून ते येणार नाही.

पायरी ४ : पहिला प्रोग्रॅम

भाषा कोणतीही चालते, पण नवख्यासाठी पायथन आणि तिची ‘पायव्हिसा’ ही लायब्ररी यांहून सोयीचा मार्ग मला माहीत नाही. पायव्हिसा स्वतः उपकरणाशी बोलत नाही, ती संगणकावरच्या व्हिसाला हाक मारते. म्हणून पायथन ६४ बिटचे आणि व्हिसा फक्त ३२ बिटचे असे असेल तर हाक पोहोचत नाही. कंपनीचे व्हिसा नको असेल तर ‘पायव्हिसा-पाय’ हा शुद्ध पायथनमधला पर्याय आहे आणि लिनक्सवर तो पुष्कळदा पुरेसा ठरतो.

प्रोग्रॅमचा सांगाडा असा : प्रथम रिसोर्स मॅनेजर तयार करावा, त्याच्याकडून उपलब्ध पत्त्यांची यादी घ्यावी, हवा तो पत्ता देऊन उपकरण उघडावे, टाइमआउट (उत्तराची वाट जास्तीत जास्त किती वेळ पाहायची ती मर्यादा) ठरवावा, ओळख विचारावी आणि उत्तरातले मॉडेलचे नाव अपेक्षित नावाशी ताडून पाहावे. ही शेवटची तपासणी अनेकजण गाळतात. मल्टिमीटरसाठीची आज्ञा चुकून पॉवर सप्लायला गेली तर काय होईल याचा विचार केला की दोन ओळींचा कंटाळा राहत नाही.

पायव्हिसात तीन क्रिया वारंवार लागतात. ‘राइट’ने आज्ञा पाठवली जाते, ‘रीड’ने उत्तर वाचले जाते आणि ‘क्वेरी’ ही दोन्ही कामे एकापाठोपाठ करते. ज्या आज्ञेच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे तिच्यासाठी क्वेरी आणि जिच्या शेवटी नाही तिच्यासाठी राइट, हा हिशेब चुकवू नये. प्रश्न न विचारता वाचायला गेलो तर उपकरण उणे ४२० हा दोष नोंदवते. प्रश्न विचारून उत्तर न वाचताच पुढची आज्ञा धाडली तर उणे ४१०. दोन्ही दोष नवख्याच्या पहिल्याच आठवड्यात भेटतात. संभाषण असे अडकले, तर केबल उपटण्याऐवजी ‘क्लिअर’ ही क्रिया वापरावी. तिने दोन्ही बाजूंचे अर्धवट संदेश पुसले जातात.

पायरी ५ : स्किपीचे व्याकरण

स्किपीच्या आज्ञा झाडासारख्या असतात : मुख्य शाखा, मग उपशाखा, मध्ये विसर्गचिन्ह. ‘मेझर-व्होल्टेज-डीसी’ या तीन शब्दांना प्रश्नचिन्ह जोडले की डीसी व्होल्टेज मोजून मिळते. प्रत्येक शब्दाचे पूर्ण आणि संक्षिप्त अशी दोनच रूपे चालतात. संक्षेप साधारणपणे पहिल्या चार अक्षरांचा असतो, पण चौथे अक्षर स्वर असेल तर तीनच घ्यायची. म्हणून ‘व्होल्टेज’चा संक्षेप चार अक्षरांचा होतो आणि ‘पॉवर’चा तीन अक्षरांचा. मधलेच कुठेतरी तोडलेले रूप उपकरण स्वीकारत नाही आणि उणे ११३, म्हणजे ‘अनोळखी शीर्षक’, असा दोष देते. पुस्तिकेत संक्षेपाची अक्षरे मोठ्या लिपीत छापलेली असतात, त्यामुळे पाठांतराची गरज नाही.

‘मेझर’ ही आज्ञा सोपी आहे खरी, पण ती दर वेळी उपकरणाची मांडणी नव्याने करते आणि आपण निवडलेला मापनकाळ वगैरे पुसून टाकू शकते. एखाद-दुसऱ्या मापनाला ती ठीक आहे. मालिकाच घ्यायची असेल, तर एकदा ‘कॉन्फिगर’ने मांडणी करावी, हवे ते बारकावे ठरवावेत आणि मग प्रत्येक मापनासाठी फक्त ‘रीड’ ही स्किपीची आज्ञा (पायव्हिसाची रीड क्रिया नव्हे) प्रश्नचिन्हासह विचारावी.

पायरी ६ : टाइमआउट नेमका किती ठेवावा

या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण ‘उपकरण मधूनच बंद पडते’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. पायव्हिसाचा मूळ टाइमआउट २००० मिलिसेकंदांचा, म्हणजे दोन सेकंदांचा असतो. आता अचूक मल्टिमीटरचे गणित पाहू. विजेच्या मुख्य पुरवठ्यातून येणारा गोंगाट पुसला जावा म्हणून असा मीटर पुरवठ्याच्या पूर्ण आवर्तनांवर सरासरी घेतो. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. दहा आवर्तने निवडली तर २०० मिलिसेकंद, शंभर निवडली तर पूर्ण दोन सेकंद. त्यात ऑटो-झिरो चालू असेल, तर मीटर प्रत्येक मापनागणिक स्वतःचे शून्यही मोजतो आणि वेळ जवळजवळ दुप्पट होऊन चार सेकंदांवर जातो. म्हणजे सर्वांत अचूक मांडणी निवडणाऱ्याचा प्रोग्रॅम हमखास कोलमडतो, आणि मीटर बिचारा आपले काम नेमके करत असतो. ‘एकदम दहा मापने दे’ असे सांगितले तर चाळीस सेकंद लागतील.

म्हणून टाइमआउट अंदाजाने न ठेवता असे गणित करून, त्यात थोडी भर घालून ठेवावा. अनंत काळ थांबण्याचा पर्याय असतो. तो वापरू नये, कारण केबल निसटली तर रात्रभर प्रोग्रॅम मुकाट्याने वाट पाहत बसतो.

आज्ञांच्या मधोमध अर्ध्या सेकंदाची झोप पेरून अडचण झाकण्याची प्रथाही फार पसरली आहे. काम पूर्ण झाले का हे विचारण्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे : तारकाचिन्ह, ओ-पी-सी आणि प्रश्नचिन्ह. चालू असलेली कामे संपली की उपकरण १ हे उत्तर देते. ती आज्ञा नीट पाळणाऱ्या उपकरणावर झोपेची गरज पडत नाही. साध्या सिरियल उपकरणांना मात्र ती पुष्कळदा ठाऊकच नसते आणि तिथे थोडी विश्रांती द्यावीच लागते.

पायरी ७ : आज्ञा मानली गेली का, हे विचारणे

आज्ञा पाठवताना प्रोग्रॅमला दोष आला नाही, याचा अर्थ ती पोहोचली एवढाच; ती मानली गेली असा नव्हे. ३० व्होल्टच्या पॉवर सप्लायला ४० व्होल्ट मागितले, तर राइट ही क्रिया सुखाने पार पडते, सप्लाय आज्ञा नाकारतो, आपल्या दोषांच्या रांगेत उणे २२२, म्हणजे ‘मर्यादेबाहेरचे मूल्य’, अशी नोंद करतो आणि आधीचेच व्होल्टेज देत राहतो. आपण मात्र ४० व्होल्टचे निष्कर्ष लिहीत असतो. ‘सिस्टिम-एरर’ हा प्रश्न विचारला की रांगेतली सर्वांत जुनी नोंद मिळते आणि ती रांगेतून निघते. म्हणून शून्य हे उत्तर येईपर्यंत विचारत राहावे. मी मांडणीच्या प्रत्येक टप्प्यानंतर हे करणारे छोटे फंक्शन लिहून ठेवतो आणि शून्याखेरीज काही आले तर प्रोग्रॅम तिथेच थांबवतो. सुरुवातीला तारकाचिन्हासह सी-एल-एस ही आज्ञा देऊन जुन्या नोंदी पुसाव्यात. आर-एस-टी या आज्ञेने मांडणी मूळपदावर येते, पण दोषांची रांग तशीच राहते.

दोषाची नोंद न होताच येणारा चुकीचा आकडाही असतो. मोजायचे मूल्य मीटरच्या पट्ट्याबाहेर गेले, तर अनेक उपकरणे ९.९ गुणिले दहाचा ३७वा घात अशी अवाढव्य संख्या पाठवतात. माणसाला ती पाहताच कळते. सरासरी काढणाऱ्या प्रोग्रॅमला ती एक साधी संख्या वाटते. तिची चाळणी आपणच लावावी.

ऑसिलोस्कोपचा तरंग आणताना

तरंगातले हजारो बिंदू अक्षरांच्या रूपात आणता येतात, पण ते सावकाश असते. म्हणून बायनरी गठ्ठा मागवावा. गठ्ठ्याच्या आरंभी हॅशचे चिन्ह असते, त्यापुढचा एक अंक पुढे किती अंक येणार ते सांगतो आणि ते अंक बाइटची संख्या सांगतात. ‘हॅश, ४, २०००’ याचा अर्थ पुढे २००० बाइट आहेत. हे उलगडण्याचे काम पायव्हिसा स्वतः करते. आपल्याला फक्त प्रत्येक बिंदू किती बाइटचा आणि बाइटांचा क्रम कोणता, हे सांगावे लागते. क्रम उलटा पडला तर तरंगाऐवजी गवतासारखा गोंगाट दिसतो, त्यावरून चूक लगेच ओळखता येते. मिळालेले आकडे व्होल्ट नसतात; स्कोपकडून गुणक आणि शून्यबिंदू वेगळे विचारून त्यांचे रूपांतर करावे लागते. सिरियल जोडणीवर ‘ओळ संपली’ या चिन्हाला वाचन थांबवण्याची सोय चालू असेल, तर बायनरी गठ्ठ्यात योगायोगाने आलेला १० मूल्याचा बाइटही वाचन मध्येच तोडतो.

वीज देणाऱ्या उपकरणांची खबरदारी

मीटरला चुकीची आज्ञा गेली तर आकडा चुकतो, पॉवर सप्लायला गेली तर सर्किट जळते. क्रम नेहमी असा असावा : आउटपुट बंद, मग प्रवाहाची मर्यादा, मग व्होल्टेज, मग दोषांची रांग तपासणे आणि शेवटी आउटपुट चालू. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तरी आउटपुट बंद करणारी ओळ चाललीच पाहिजे. पायथनमध्ये ती ‘फायनली’ या भागात लिहावी. मात्र संगणकच बंद पडला तर ती ओळही चालत नाही, म्हणून अतिव्होल्टेज आणि अतिप्रवाह यांच्या मर्यादा उपकरणातच भरून ठेवाव्यात.

यूएसबीच्या केबलीतून जमिनीची तारही जाते, हे विसरले जाते. मुख्य पुरवठ्यावर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची जमिनीची चिमटी उपकरणातून भूसंपर्काशी जोडलेली असते. बॅटरीवर चालणारे उपकरण एरवी तरंगते असते. पण आत विद्युत-विलगीकरण नसेल, तर यूएसबी जोडताच ते संगणकामार्फत भूसंपर्काशी बांधले जाते. तरंगत्या सर्किटवर मोजमाप करायचे असेल, तर मधे यूएसबी आयसोलेटर घालावा किंवा पुस्तिकेत विलगीकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे.

रात्रभर चालणाऱ्या नोंदी

प्रत्येक मापन वेळेसह सीएसव्ही फाइलमध्ये लिहावे आणि प्रत्येक ओळीनंतर ती डिस्कवर ढकलावी, म्हणजे वीज गेली तरी एखादीच ओळ हरवते. फाइलच्या माथ्यावर उपकरणाची ओळख आणि फर्मवेअरची आवृत्ती नोंदवावी. वेळ ‘प्रत्येक मापनानंतर साठ सेकंद थांब’ अशी मोजू नये, कारण मापनालाही वेळ लागतो आणि नोंदी हळूहळू घसरत जातात. पुढच्या मापनाची नेमकी वेळ आरंभापासून मोजून ठरवावी. संगणक झोपी जाणार नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट बंद करणार नाही, अशी मांडणी आधीच करून ठेवावी. हब वापरायचाच असेल तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा वापरावा.

शेवटी उपकरण ‘लोकल’ स्थितीत परत आणून जोडणी बंद करावी. नाहीतर सकाळी येणाऱ्या सहकाऱ्याला पुढची बटणे दाबूनही मीटर प्रतिसाद देत नाही असे दिसते. तसे झालेच, तर पुढच्या बाजूचे ‘लोकल’ असे लिहिलेले बटण दाबले की बहुतेक उपकरणे पुन्हा हाताने चालू लागतात.